रंग आधी बघणाऱ्या सुमतीबाई

प्रोटीनं वेगळी करायचं जेल ओतताना लागणारे अॅक्रिलिकचे कंगवे, जाड दातांचे आणि बारीक दातांचे. आत नायट्रोजन भरून बाहेरून हातमोज्यांनी काम करता येईल अशी पारदर्शक पेटी. सूक्ष्मदर्शकासाठी टेबल, त्याचे पाय वाळू भरलेल्या लोखंडी पाइपचे आहेत, त्यामुळे रस्त्यावरून ट्रक गेला तरी वर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी थरथरत नाही. थंड खोलीच्या दाराला आतूनही उघडणारी कडी. खिडकीपाशी ठेवायची तिरकी पाटी, तिच्यावर पांढरीशुभ्र फरशी. आणि सागवानी बैठकीवर उभं असलेलं, तांब्याच्या तारेचं, एका एन्झाइमचं मॉडेल.

एवढं सगळं मी डॉ. सुमती देवपुजारी यांच्या प्रयोगशाळेसाठी स्वतःच्या हातांनी केलं. यादी आधी दिली त्याला कारण आहे. या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या बाकीच्या मंडळींच्या नावापुढे पदव्या आहेत. माझ्या नावापुढे काही नाही, आणि त्याची मला खंतही नाही. लेथ मी दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून शिकलो, काच बोटं भाजून घेऊन शिकलो, आणि एन्झाइम म्हणजे काय हे बाईंकडून शिकलो. शेवटचं शिक्षण सगळ्यात महाग होतं, कारण बाई अर्ध्या उत्तरावर सोडत नसत.

बाईंची आणि माझी पहिली भेट भोपाळला, माझ्या इंद्रपुरीतल्या दुकानात झाली. वडील तिथल्या मोठ्या कारखान्यात फिटर होते. मी कारखान्यात गेलो नाही, घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. एके दिवशी दुपारी एक बाई मोपेडवरून उतरल्या. सुती साडी, खांद्याला झोळी. झोळीतून त्यांनी एक मोडका प्लॅस्टिकचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला.

“असा अजून एक करून द्याल?”

“कशाचा आहे हा?”

“कंगवा आहे.”

“केसांचा दिसत नाही.”

“प्रोटीनचा आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा गंभीरच होता.

मी दोन दिवसांत करून दिला. मूळ कंगव्यापेक्षा माझा जास्त चकचकीत होता, हे मी आजही सांगेन. बाईंनी झोळीतून व्हर्नियर काढला आणि उभ्या उभ्या एकेक दात मोजला. दुकानात येऊन माझं काम मोजणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, “पाचवा दात जाड आहे.” मला राग आला. मी माझा व्हर्नियर काढला, मोजला. पाचवा दात जाडच होता. घासून दिला. बाईंनी पुन्हा सगळे मोजले, फक्त पाचवा नाही, आणि मग म्हणाल्या, “आता तुम्ही माझ्याकडे या. अजून बरंच मोडलेलं आहे.”

तेव्हापासून मी जातोच आहे.

बाई मूळच्या नागपूरच्या. राज्याची फेररचना झाली तेव्हा सचिवालयातल्या नोकरीपायी त्यांचे वडील बिऱ्हाड घेऊन भोपाळला आले, तेव्हा बाई पहिलीत होत्या. आमच्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना त्यांच्या आई आठवतात. बाईंच्या बोलण्यातलं ‘काहून’ अजून त्यांच्याच आवाजातलं आहे, असं सांगतात. बाईंनी आयुष्यभर एकाच एन्झाइमवर काम केलं. एकदा मी विचारलंही, “एकच का?” त्या म्हणाल्या, “तुम्ही एकच दुकान काहून चालवता?”

ते एन्झाइम काय करतं, हे मला बाईंनी जसं समजावलं तसंच इथे लिहितो. ग्रंथ वाचणाऱ्यांत मंडळातली माझ्यासारखीही माणसं असतील. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्न जाळून पेशीला चालवणाऱ्या भट्ट्या म्हणा. हे एन्झाइम त्या भट्टीच्या भिंतीत राहतं आणि तिथलं काम नीट चालू ठेवतं. पण तेच एन्झाइम भिंत सोडून बाहेर पडलं आणि पेशीच्या केंद्रात शिरलं, तर तिथल्या जनुकांचा धागा तुटायला लागतो आणि पेशी मरते.

“एकच माणूस दोन कामं?” मी विचारलं होतं.

“घरातलं कर्तं माणूस असतं की नाही? घरात आहे तोवर घर चालवतं. तेच रागावून रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलं, तर घर विकून परत येतं.” मग त्या म्हणाल्या, “पेशीनं मरणं वाईट नसतं, भास्करराव. आईच्या पोटात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी मरतात म्हणून. मरण वेळेवर आलं तर ते काम असतं. अवेळी आलं की आजार.”

आणि ते अवेळी येतं ते बहुधा आकार बिघडल्यामुळे, हे बाईंचं म्हणणं. या एन्झाइमला एक लांब झडप आहे. एक छोटा रेणू, त्याला आपण जोडीदार म्हणू, येऊन बसला की झडप बाजूला होते, आणि दोन एन्झाइमं पाठीला पाठ लावून जोडी करतात. जोडी घट्ट असेल तर एन्झाइमच्या पोटातला पिवळा भाग, जो बी-दोन जीवनसत्त्वापासून बनतो, तो आत नीट राहतो. जोडी सैल असेल तर तो गळतो, एन्झाइम डळमळतं, आणि पेशी एकेक करून जायला लागतात. आधी कानाकडे जाणाऱ्या नसांमधल्या, मग पायांच्या.

हे मला डोळ्यांनी दिसावं म्हणून बाईंनी मॉडेल करायला सांगितलं. त्या काळी संगणकावर ते फिरवून बघायची सोय आमच्याकडे नव्हती. छापील लेखात शेजारी शेजारी दोन चित्रं असायची. डोळे एका विशिष्ट तऱ्हेनं लावले की दोन्ही मिळून एकच चित्र कागदातून वर उठून दिसे. बाईंनी मला त्यांची पद्धत शिकवली, डोळे तिरळे करून बघायची. मी महिनाभर तिरळा होऊन तार वाकवत होतो. बायको म्हणाली, “असेच राहाल एक दिवस.” मॉडेल झालं. बाईंनी पाहिलं, उजव्या हाताचा अंगठा वर करून बोटं तारेच्या वळणावर फिरवली, आणि खुर्चीत बसल्या. चित्रं तिरळ्या डोळ्यांसाठी छापलेलीच नव्हती. तसं पाहिलं की पुढचं मागे आणि मागचं पुढे दिसतं. माझ्या तारेचं प्रत्येक वळण उलट फिरलेलं होतं. मी एन्झाइमची आरशातली प्रतिमा करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर बाई म्हणाल्या, “यांचे हात बरोबर होते. डोळे माझे चुकले.” ते उलटं मॉडेल त्यांनी टाकू दिलं नाही. सरळ मॉडेल शेजारी आलं तरी उलटं तिथेच राहिलं. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी त्या विचारतात, “यातलं खरं कोणतं?” उत्तर चुकलं तर हसतात, आणि ही गोष्ट सांगतात. स्वतःची चूक पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात मांडून ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

वंदनाताई मिसरोदला राहतात, मंडीदीपच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. त्यांचा मुलगा अथर्व आता वीस-एकवीस वर्षांचा आहे. लहानपणी कानांनी दगा दिला, मग चालताना पाय अडखळू लागले. बऱ्याच डॉक्टरांनंतर तपासणीत कळलं की बाईंच्याच एन्झाइममध्ये, अमिनो आम्लांच्या शेकडो मण्यांच्या माळेत, एक मणी बदललेला आहे. इथल्या न्यूरॉलॉजिस्टांनी त्यांना बाईंकडे पाठवलं, तेव्हा बाई निवृत्त झालेल्या होत्या, पण रोज प्रयोगशाळेत येत होत्या.

वंदनाताईंबरोबर त्यांच्या सासूबाईही आल्या होत्या. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. “आमच्या घराण्यात असं काही नव्हतं,” हे त्या बसल्यापासून बोलत होत्या. वंदनाताई खाली बघत होत्या. बाईंनी मला मॉडेल आणायला सांगितलं. एका वळणावरचा मणी दाखवून त्या सासूबाईंना म्हणाल्या, “आजी, इथे एक खिळा असतो. याच्या घडणीत तो जरा वेगळा लागलाय. तुमच्या सुनेनं लावलेला नाही. तिच्या आईनंही नाही. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल करताना कुणाच्या तरी वेळी एक अक्षर चुकलं, इतकंच. तुमच्या नि माझ्यातही अशी पुष्कळ आहेत, फक्त ती अशा नाजूक जागी पडलेली नाहीत.”

सासूबाईंनी मॉडेलचा तो मणी बोटानं चाचपला. मग म्हणाल्या, “मग ते सरळ करा ना.” त्यांना वाटलं तार वाकवायची आहे. त्या दिवसानंतर घराण्याचा विषय निघाला नाही, असं वंदनाताईंनी मला नंतर सांगितलं.

बाईंचं अनुमान असं होतं: तो बदललेला मणी बरोबर जोडीच्या शिवणीवर आहे. शिवण सैल, म्हणून पिवळा भाग गळतो. तेव्हा बी-दोन भरपूर दिलं तर गळलेला भाग परत भरत राहील. डॉक्टरांना ते पटलं. अथर्व बरा झाला, असं काही मी लिहिणार नाही. पण पायांची घसरण थांबली. काठी आली, ती काठीच राहिली. तो घरून संगणकावर काम करतो आणि आईपेक्षा जास्त बोलतो.

डॉक्टरांकडे दुसरंही एक औषध होतं. बाईंचं अनुमान चुकीचं असेल, दोष शिवणीत नसून दुसरीकडे कुठे असेल, तर बी-दोनच्या भरवशावर वेळ घालवणं बरोबर नाही, ते औषध सुरू करावं लागेल, असं त्यांनी पहिल्यापासून स्पष्ट सांगितलं होतं. ते जड होतं. यकृत बिघडू शकत होतं. बाईंच्या शब्दावर ते मागे राहिलं होतं.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता निखत माझ्या दुकानात आली. डॉ. निखत बाईंची विद्यार्थिनी, आता तीच प्रयोगशाळा चालवते. मराठी तिला सगळं समजतं. बोलताना हिंदीवर येते. स्टुलावर बसली, चहा घेतला नाही.

“काका, नई तस्वीर आई है. बहुत साफ है.” तस्वीर म्हणजे एन्झाइमचे स्फटिक करून क्ष-किरणांनी काढलेलं त्याच्या आकाराचं चित्र.

“मग तोंड असं का?”

“झडप बंद आहे, काका. जोडी नाहीच. बाईंची जुनी तस्वीर धुंधली थी, शायद उन्होंने…”

मला समजलं. जोडीच नसेल तर शिवण नाही. शिवण नसेल तर त्या मण्याचं, बी-दोनचं, सगळंच अनुमान जातं. बाईंचं अर्ध्या आयुष्याचं म्हणणं जातं, आणि अथर्वची गोळी जाते.

“बाईंना कोण सांगणार?” तिनं विचारलं.

“ज्याची तस्वीर, तो.”

“तुम्ही बरोबर चला.”

गेलो. बाई शाहपुऱ्याच्या घरी गॅलरीत कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. निखतनं लॅपटॉप पुढे धरला. बाईंनी चष्मा पुसला आणि चित्र हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. त्या म्हणाल्या, “छान आहे गं. माझ्यापेक्षा किती स्वच्छ आहे.”

निखतला रडू आलं. बाई म्हणाल्या, “रडतेस काहून? चांगलं काम केलंस. उद्या वंदनाला बोलाव.”

“अभी पक्का नहीं है, बाई. थोडा रुक जाते हैं.”

“पक्कं नाही, हेच तिला सांगायचंय. तिच्या पोराला मी सांगितलं म्हणून गोळी चालू आहे. शंका आली तर तिला पहिल्यांदा माझ्याकडून कळली पाहिजे, पेपर छापून आल्यावर नाही.”

वंदनाताई रजा टाकून आल्या, अथर्वही आला. बाईंनी काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. वंदनाताईंनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “तुम्हीच म्हणाला होतात ना, जोडी सुटते म्हणून?”

“म्हणाले होते. आता मला शंका आहे.”

“मग मी काय करू?”

“गोळी बंद करू नकोस. डॉक्टरांना मी आजच सगळं सांगते. थोडा वेळ मागते. मला एन्झाइमला पुन्हा एकदा विचारू दे.”

अथर्वनं कानातलं यंत्र नीट केलं. “म्हणजे माझ्या रोगानं तुम्हाला खोटा पत्ता दिला, असंच ना?”

“किंवा मी पत्ता चुकीचा वाचला,” बाई म्हणाल्या.

“मग ठीक आहे. यहाँ तो गूगल भी गलत गली में भेजता है.”

हसला तो एकटाच. जाताना वंदनाताईंनी बाईंना नमस्कार केला, नेहमीसारखा वाकून. पण दारातून परत वळल्या आणि म्हणाल्या, “बाई, ते दुसरं औषध… ते खरंच द्यावं लागेल का?” बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही.” हे वाक्य बोलायला बाईंना किती जड गेलं असेल, ते मी शेजारी उभा होतो म्हणून सांगू शकतो. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, थांबतो, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेत आल्या आणि म्हणाल्या, “स्फटिक दाखव.”

हल्ली सगळं यंत्र करतं. स्फटिक ज्यांत वाढतात ते थेंब ठेवणं, थेंबांच्या तबकड्या कपाटात लावणं, रोज प्रत्येक थेंबाचा फोटो काढणं. निखतनं पडद्यावर फोटो दाखवले. सुरेख स्फटिक, हिऱ्यासारखे कापलेले.

बाईंनी विचारलं, “रंग कोणता आहे?”

निखत म्हणाली, “बाई, कॅमेऱ्यात रंग येत नाही.”

“मी फोटोचा नाही विचारला.”

इथे बाईंची एक सवय सांगायला हवी. आमच्या जुन्या प्रयोगशाळेत कुठलाही थेंब, कुठलीही नळी पुढे जायच्या आधी खिडकीपाशी जायची, त्या पांढऱ्या फरशीसमोर. ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाच्या उजेडात. आधी रंग बघा, मग बाकीचं. एन्झाइम एकटं असेल तर पिवळं असतं. जोडीदार बसला की पिवळेपणा उतरतो, फिकट हिरवट होतं. नवी इमारत झाली, यंत्र आलं, ते बिनखिडकीच्या खोलीत बसलं. फरशीची पाटी कपाटामागे गेली. मुद्दाम कुणी काही सोडलं नाही. इतकी चांगली यंत्रं आल्यावर खिडकीशी जायचं कुणाला सुचलंच नाही.

निखतनं तबकडी उचलली आणि आम्ही सगळे जिन्यातल्या खिडकीपाशी गेलो. स्फटिक पिवळे होते. हळदीच्या पाण्यासारखे, स्वच्छ पिवळे.

बाई इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. “हे एकटं आहे. जोडीदार घातला होतास ना?”

“घातला होता, बाई. आपके ही नुस्खे से.”

“मग तो गेला. थेंब किती दिवस हवेत उभा होता?”

आठवडे. पूर्वी आमचे थेंब नायट्रोजनच्या पेटीत राहायचे. आता यंत्राच्या कपाटात, साध्या हवेत. हवेनं जोडीदार हळूहळू खाऊन टाकला होता, आणि क्ष-किरणांनी चित्र घ्यायच्या वेळी झडप बंद होऊन बसलेली होती. निखतची तस्वीर खरी होती. पण ती एकट्या एन्झाइमची होती.

“म्हणजे तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे आपल्याला अजून माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “भास्करराव, स्फटिकाला हवा लागणार नाही, रंग दिसत राहील, आणि तसाच तो क्ष-किरणांपुढे ठेवता येईल, असं काही करा.”

मी पितळेची डबी केली. नाण्याएवढी. आत स्फटिकाची काचेची नळी. दोन्ही बाजूंना काचा रंग बघायला, त्या क्ष-किरणांनी मापं घेताना निघून जागी पातळ फिल्म बसते, कारण जाड काच क्ष-किरण अडवते. मागे पांढरा पडदा, शेजारी नायट्रोजन आत सोडायचं बारीक तोंड. कडेला सिलिकॉनचं वायसर लावलं, सुंदर बसलं. दिवसभर रंग हिरवट राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पिवळा. मी सगळे आटे तपासले, काच बदलली. पुन्हा पिवळा. निखतनं वायसर चिमटीत धरून बघितलं.

“काका, ये सिलिकॉन है? इसमें से तो हवा ऐसे जाती है जैसे मच्छरदानी में से.”

“पाणी जात नाही.”

“पानी नहीं जाता. हवा जाती है. ब्यूटाइल रबर चाहिए.”

हे मला माहीत नव्हतं, आणि एकदा कळल्यावर मी विसरत नाही. ब्युटाइल कुठे मिळेल ते मात्र मला माहीत होतं. गोविंदपुऱ्याच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली, धुतली, लेथवर पट्टी धरून वायसर कापलं. रंग पहिल्या दिवशी हिरवट. दुसऱ्या दिवशी हिरवट. पाच दिवसांनी बाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “आता घ्या.”

मापं घेतली. मग संगणकाचं काम, ते निखतचं. त्या दिवसांत बाई प्रयोगशाळेत येऊन बसत, पण तिच्या खोलीत जात नसत. “तिच्या मानेवर श्वास नको सोडायला,” म्हणायच्या. माझ्याशी मात्र दर तासाला काहीतरी बोलायच्या. एकदा त्यांनी मला कढीची कृती सांगितली, आणि अर्ध्या तासानं तीच पुन्हा सांगितली. तेव्हा मला कळलं की बाईंनाही भीती वाटते. आणि ती त्यांच्या नावाची नव्हती, कारण मधूनच विचारत, “वंदनाचा फोन आला होता का?”

चौथ्या दिवशी निखत दारात आली. तिनं दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून दाखवले.

जोडी होती. झडप पूर्ण बाजूला झालेली, दोन एन्झाइमं एकमेकांना टेकलेली, आणि इतकं स्वच्छ की अथर्वचा मणी कुठे येतो ते मलाही दाखवता येत होतं. शिवणीवर. बाईंनी सांगितलं होतं तिथेच. बाई खुर्चीत मागे टेकल्या, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, “हुश्श.” इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

फोन त्यांनीच लावला. वंदनाताई मंडीदीपच्या बसमध्ये होत्या. “थांबा बाई, आवाज येत नाही, उतरते,” म्हणाल्या, आणि खरंच मधल्याच स्टॉपवर उतरल्या. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे ट्रकांचा गोंगाट होता. मग वंदनाताई म्हणाल्या, “म्हणजे ते औषध नाही ना?” बाई म्हणाल्या, “नाही गं. आपली पिवळी गोळीच.” डॉक्टरांनी संध्याकाळी तेच सांगितलं. अथर्वचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: पत्ता बरोबर निघाला, घर सापडलं, आता मालकाला भाडं वाढवू देऊ नका.

आता बाईंच्या स्वभावाची खरी गोष्ट. निखतची पहिली तस्वीर चुकीची म्हणून बाजूला ठेवता आली असती. बाईंनी ती ठेवू दिली नाही. त्या म्हणाल्या, बंद झडप आणि उघडी झडप दोन्ही मिळूनच गोष्ट पुरी होते. मला आयुष्यभर उघडी तेवढीच दिसली, बंद कशी दिसते ते हिनं दाखवलं. लेखावर पहिलं नाव निखतचं आहे. डबी कोणी केली तेही त्यात छापलं आहे, माझ्या पूर्ण नावानिशी. ते पान मी दुकानात काचेत लावलेलं आहे, ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं.

डबीची बातमी पसरली. दोन-तीन ठिकाणांहून निखतकडे पत्रं आली. त्यांच्याकडेही असेच आजारी लोक होते, असेच हवेत बिघडणारे स्फटिक होते, आराखडा मिळेल का, अशी विचारणा होती. त्याच सुमारास उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीचे गृहस्थ माझ्या दुकानात आले. त्यांना डबी हवी होती, पण एकट्यांना. आराखडा त्यांचा, नाव त्यांचं, आणि मी पुढे तो कुणालाही द्यायचा नाही, अशी अट. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “डबी तुमची आहे, भास्करराव. घर तुमचं चालायचंय. मी मध्ये पडणार नाही,” आणि पडल्याही नाहीत. बायकोला विचारलं. ती म्हणाली, “त्या वंदनाला बसमधून उतरून फोन घ्यावा लागला होता ना? तसं अजून कुणी ताटकळत असेल तर?” आराखडा मी मापांसकट, ट्रकच्या ट्यूबच्या टिपेसकट, मागेल त्याला पाठवला आणि पाठवतो आहे.

सुमतीबाई, तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. तुमचे डोळे असेच शाबूत राहोत, गुडघे तुम्हाला जिन्यातल्या खिडकीपर्यंत सुखानं नेवोत, आणि तुमची प्रत्येक पेशी आपल्या वेळेवर, खूप उशिरा, काम संपवून विसावो. आम्हाला अजून पुष्कळ वर्षं तुमच्याकडून मोजून घ्यायचं आहे.

आणि नोंद पुरी असावी म्हणून लिहितो: त्या कंपनीनं अकरा लाख रुपये देऊ केले होते. मी नाही म्हणालो.